मेन पाडला, तरी पॅनेल जिवंतच!

नमस्कार मंडळी. हे मागे दिसतंय ना, ते जुनं पॅनेल. मेन स्विच मी आत्ताच पाडलाय. मग घालू का आत हात?

अजिबात नाही. मेन पाडला की त्याच्या पुढचं बंद होतं. मीटरकडून मेनमध्ये येणाऱ्या या जाड वायरी चालूच राहतात. त्या वरूनच येतात असंही धरून चालू नका, कुणीतरी कधीतरी खालून जोडलेल्या असतात. जुन्या पॅनेलमध्ये त्या टोकांवरचं झाकण बऱ्याचदा गायब असतं. स्क्रूड्रायव्हर निसटला तर तो नेमका तिथेच जाणार.

दुसरा चोर म्हणजे इन्व्हर्टर. तुम्ही मेन पाडता, त्याला वाटतं वीज गेली, आणि तो बिचारा इमानदारीत मागच्या दाराने करंट सोडायला लागतो. म्हणून आधी इन्व्हर्टर बंद करा आणि मगच मेन पाडा.

आता तपासणी. खिशातल्या पेन टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे करंट नाही, असं मी तरी कधीच मानत नाही. मल्टिमीटर घ्या. घरातली सॉकेट तर आता बंद आहेत, म्हणून आधी शेजारच्यांकडच्या चालू सॉकेटवर तो बरोबर दाखवतोय का बघा, मग पॅनेलमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तपासा, आणि परत त्याच चालू सॉकेटवर. शेवटची पायरी सगळे गाळतात. पण मल्टिमीटर मधेच बिघडला असेल, तर ते तिथेच कळतं.

"एमसीबी आहे की, शॉक बसला तर ट्रिप होईल." नाही होणार! एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. १६ अँपिअरचा एमसीबी वायर वाचवायला असतो. माणसाच्या जिवाला ३० मिलिअँपिअरही धोक्याचे, म्हणजे त्याच्या पाचशेव्या हिश्शाच्या आसपास. माणूस वाचवणं हे काम आरसीसीबीचं, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचचं, आणि जुन्या पॅनेलमध्ये बहुधा तो नसतोच. शिवाय वर्षानुवर्षं न हललेला एमसीबी आतून अडकलेलाही असू शकतो. सारखा ट्रिप होतो म्हणून १६ च्या जागी ३२ चा बसवणं तर आणखी वाईट: एमसीबी गप्प बसतो, वायर तापते.

हा काळा डाग बघा. स्क्रू सैल झाला की सांधा तापतो, आजूबाजूचं इन्सुलेशन कडक होतं आणि हात लावताच पापडासारखं तुटतं. असं दिसलं, की झाकण परत लावायचं आणि जाणत्या वायरमनला बोलवायचं. मीटरकडचा पुरवठा वीज कंपनीकडून तोडून घेतल्याशिवाय तोही त्या जाड वायरींना हात लावणार नाही. लावायला निघाला, तर दुसरा वायरमन बघा.