परसबागेचं वर्ष एक ऋतू आधी चालतं

नमस्कार. मागे बसलेल्या काकूंना ऐकू येतंय ना? बरं, मग सुरू करते.

रोहिणी लागलंय, मृगाला दोन आठवडे उरलेत, आणि गेल्या चार दिवसांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे "पाऊस पडला की काय लावू?" लावायचं ते सांगतेच, पण त्याआधी एक सांगायचंय. आमची घरामागची जागा साडेतीन गुंठे, त्यात दोन पेरू, एक कागदी लिंबू, एक हापूस, शेवगा, कढीपत्ता, चार-पाच केळी आणि मधल्या मोकळ्या जागेत भाजीचे वाफे. एवढ्याशा बागेत बारा वर्षं राबल्यावर मला एक कळलंय की ज्या ऋतूत फळ खायचं त्याच्या आधीच्या ऋतूत त्याचं काम झालेलं असावं लागतं, नंतर कितीही धावपळ केली तरी गेलेली वेळ गेलीच.

पेरूचंच बघा. उन्हाळ्यात झाड सुकतंय म्हणून आपल्याला दया येते, आपण रोज पाणी घालतो, झाड फुलतं आणि फळ येतं भर पावसात. नेमकी तेव्हाच फळमाशी जोरात असते. बाहेरून पिवळाधमक पेरू, चिरला की आत वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. पहिली तीन वर्षं मी टोपल्याच्या टोपल्या फेकल्या, आणि चूक ही की फेकल्या झाडाखालीच. ती अळी फळातून निघून मातीत शिरते, तिथेच कोष करते आणि परत माशी होऊन वर येते, म्हणजे पुढची पिढी मीच वाढवत होते. आता एप्रिल-मे महिन्यात मोठ्या पेरूचं पाणी तोडते. पानं पिवळी पडतात, बरीच गळतात, बघवत नाही खरं, पण मोठ्या झाडाला ते झेपतं (लहान रोपांवर मात्र हा प्रयोग अजिबात करू नका). मेच्या शेवटी बुंध्यापासून जरा लांब माती हलकी चाळवायची, त्याने मातीतले कोष उघडे पडतात आणि साळुंक्या येऊन टिपतात, मग दोन-तीन टोपल्या कुजलेलं शेणखत. मृगाच्या पावसावर झाड फुलतं आणि फळ येतं थंडीत, गोड, घट्ट आणि माशीचा त्रास खूपच कमी. तरी पडलेलं फळ रोज उचला, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि आठवडाभर कडक उन्हात ठेवा. खताच्या खड्ड्यात तसंच टाकू नका.

लिंबाचं दुखणं वेगळं. लिंबाच्या बुंध्याशी पाणी साचलं की साल कुजते, डिंक गळायला लागतो आणि झाड वरून वाळत जातं. म्हणून दुहेरी आळं करायचं, आतल्या गोलात बुंध्याला मातीची भर आणि बाहेरच्या गोलात पाणी. बुंध्याला पावसाआधी बोर्डोपेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप, लावा, घरच्यापुरतं १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादलीत भिजवायचं, लोखंडी भांडं नको, मग एकत्र करायचं. त्यात सुरीचं पातं मिनिटभर बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा.

पाऊस सुरू झाला की लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काळं-पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसेल. ती अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते, बोट लावलं तर डोक्यामागून केशरी दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. माझी नात तो वास घ्यायला रोज लिंबापाशी जाते. झाड लहान असेल तर वेचून काढा नाहीतर चार दिवसांत बोडकं करेल, मोठ्या झाडावर दोन-तीन राहू द्या, त्यांचीच फुलपाखरं होतात.

भाजीचं पटकन सांगते. आता भेंडी, गवार, दोडका, कारलं, अळू. गणपतीच्या सुमारास वांगी, टोमॅटो, कोबीची रोपं टाका, हस्ताचा पाऊस ओसरला की मेथी, पालक, मुळा. उन्हाळ्यात चवळी आणि राजगिरा. वाफे मात्र एक फूट उंच पाहिजेत, आमची पपईची सहा झाडं एका आठवड्याच्या साचलेल्या पाण्यात गेली, ते मी अजून विसरले नाही.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत, नैसर्गिक शेती शिकवणाऱ्या अमरावतीच्या सुभाष पाळेकरांमुळे घराघरात पोचलं. २० लिटर पाण्याला १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन, मूठभर बांधाची माती. सावलीत गोणपाट झाकून ठेवा, सकाळ-संध्याकाळ ढवळा, तिसऱ्या दिवसापासून वापरा आणि आठवड्यात संपवा. जमीन ओली असतानाच द्यायचं.

आणि निंबोळ्या! पावसाच्या सुरुवातीला कडुनिंबाखाली सडा पडतो, आपण त्यावरून चालत जातो. गोळा करा, गर काढून टाका, सावलीत वाळवा. पौषात आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे येतात तेव्हा ह्याच निंबोळ्या कामाला येतात, ५० ग्रॅम कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळून १ लिटर करायचं आणि ऊन उतरल्यावर फवारायचं. आंब्याचं पाणीही बंदच हवं, पावसाळा संपल्यापासून ते फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत. माघ-फाल्गुनात गळणारा पाला जाळू नका, पोत्यात भरून ठेवा, आत्ता ह्या कडक उन्हात वाफ्यांवर घालायला तोच हाताशी येतो.

दाराशी टेबलावर दोडक्याचं घरचं बी ठेवलंय, प्रत्येकाने चार-चार बिया न्या. रात्रभर भिजवा, मांडवाच्या खांबापाशी बोटभर खोल लावा, आणि वेल फळाला लागला की पहिला चांगला दोडका तोडू नका, वेलावरच वाळू द्या.