विषाचा पुरावा कोणी द्यायचा?

श्रोतेहो, औद्योगिक विषाचा विषय निघाला की सर्वांत आधी भोपाळ आठवते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्याच भोपाळची दुसरी बाजू मात्र क्वचित सांगितली जाते. कारखाना बंद पडला तरी आवारातला विषारी कचरा तिथेच राहिला, आणि त्यातला ३३७ टन कचरा पीथमपूरला हलवायला २०२५ चा जानेवारी उजाडला. आज मला या संथ विषाविषयी बोलायचे आहे, कारण गोव्यात आपली गाठ त्याच्याशीच आहे.

१९७० च्या दशकात सांकवाळ परिसरात खतांचा कारखाना सुरू झाला, त्या काळात वेळसावच्या किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला आणि सांडपाण्यातील आर्सेनिककडे बोट दाखवले गेले. मासे डोळ्यांसमोर मेले, म्हणून रांपणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना, जाब विचारता आला. एरवी आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम इतकी सूक्ष्म आहे. ती ओलांडलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यावर तळहाताची कातडी जाड होते, अंगावर डाग उठतात, पुढे कर्करोगही होतो, आणि तोवर कोणते पाणी कधी प्यायलो हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होऊन बसते. आपल्या नद्यांतल्या तिसऱ्यांचेच, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांचेच पाहा. प्रवाह बिघडला की मासा दुसरीकडे पळतो. तिसरी चिखलात जागच्या जागी बसून पाणी गाळत राहते, त्यामुळे त्या पाण्यातले आणि गाळातले जड धातू तिच्या मांसात साठत जातात. बाजारात मात्र ती नेहमीसारखीच दिसते.

विकसनशील देशांत ही अडचण दुपटीने वाढते, कारण विष येण्याआधी तिथे कोणी काही मोजलेलेच नसते. कोडाईकॅनालचा थर्मामीटरचा कारखाना अमेरिकेतून जुन्या यंत्रसामग्रीसह आला आणि पाऱ्याच्या प्रदूषणामुळे २००१ साली बंद झाला. राजस्थानातल्या बिछडी गावी एच-ॲसिड या रंगनिर्मितीत लागणाऱ्या रसायनाच्या उत्पादनातील गाळ उघड्यावर टाकला गेला. तो जमिनीत झिरपून विहिरींचे पाणी विटले, आणि प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यात १९९६ साली मांडले. तत्त्व चांगलेच आहे. पण विहिरीचे पाणी रंगाने बिघडले तरच ते गावाच्या उपयोगी पडणार का?

इथे फोंडा तालुक्यातल्या श्रोत्यांना केरीचे भूतखांब पठार आठवत असेल. नायलॉन ६,६ या कृत्रिम धाग्याच्या प्रकल्पाला गावाने आधीच विरोध केला आणि जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक या तरुणाचा बळी गेला. प्रकल्प गोव्यातून हटला आणि तमिळनाडूत उभा राहिला. हा विजय मी मोठाच मानतो, तरी आपल्या दारातला धोका दुसऱ्याच्या दारात गेला, ही बोच त्यात राहतेच. कारखाने नकोतच, असेही मी म्हणत नाही. कुंडई आणि वेर्णेच्या औद्योगिक वसाहतींत आपलीच मुले कामाला आहेत, आणि काही गळले तर पहिला श्वास त्यांचाच कोंडणार आहे.

खरी मेख पुराव्यात आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यातील कलम २१ नुसार सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाने घ्यायचा असतो. त्यासाठी कारखानदाराला नोटीस द्यावी लागते, आणि त्याने मागणी केली तर नमुन्याचे दोन भाग करून ते त्याच्यासमोर सीलबंद करावे लागतात. ही पद्धत पाळली नाही, तर त्या नमुन्याचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही. नाल्याचे काळे पाणी तुम्ही रात्री बाटलीत भरून नेलेत, तर ती बाटली तक्रारीला उपयोगी पडेल, शिक्षेला नाही.

म्हणून माझा आग्रह कारखाना येण्याआधीच्या नोंदींचा आहे. ज्या वाड्याजवळ वसाहत होऊ घातली आहे, तिथल्या विहिरींचे आणि तळ्यांचे पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. एकदा मे महिन्यात, पातळी तळाला गेलेली असताना, आणि एकदा पावसाळा सरल्यावर. आर्सेनिक, शिसे, मँगनीज यांचे आकडे, तारीख आणि विहिरीची जागा ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावी. पर्यावरण परवानगीची जनसुनावणी असेल तेव्हा हेच आकडे लेखी हरकतीला जोडावेत आणि त्याची पोच मागून घ्यावी.