मदतीच्या मेसेजवर तारीख टाका!

नमस्कार मंडळी, बडोद्याहून बोलतेय. कमेंटमध्ये सारखं विचारताय, "ताई, आमची संस्था छोटी आहे, सोशल मीडियावर सुरुवात कुठून करू?" फेसबुकवर पेज उघडा, इन्स्टाग्रामवर फोटो टाका, देणगीसाठी क्यूआर कोड लावा, तो संस्थेच्या खात्याचा, कुणाच्या घरच्या खात्याचा नको. देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता (80जी म्हणतात ती) असेल तर पावती वेळेवर द्या. एवढं तुम्हाला जमेल. मला बोलायचंय व्हॉट्सॲपच्या मेसेजबद्दल.

ऑगस्ट 2024 चा पूर आठवा. इथल्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट, आणि पाणी 35 च्या वर गेलेलं. आमच्या ग्रुपनं मेसेज टाकला, "तातडीने जेवणाची पाकिटं हवीत." खाली आमच्यातल्या एका मावशींचा नंबर. तारीख नाही, वेळ नाही.

संध्याकाळपर्यंत पाकिटं पुरेशी झाली. मेसेज मात्र फिरतच राहिला. पुढे पाणी ओसरलं, लोकांना हवे होते झाडू, फिनाईल, कोरड्या चादरी, आणि आमच्या दारात पुरीभाजीच येत होती. एक मुलगा स्कूटरला दोन पिशव्या अडकवून आला. आईनं पहाटे उठून केलेलं, आणि हा दुपारपर्यंत पत्ता शोधत फिरलेला. डबा उघडला तर बटाट्याची भाजी आंबलेली. त्याला काय सांगू, सुचेना मला.

आता नीट ऐका. फॉरवर्ड केलेला मेसेज ज्याच्या फोनवर पोचतो, त्याला तो पोचल्याची वेळ दिसते. तुम्ही मुळात कधी लिहिलात ते दिसत नाही. म्हणून तारीख मजकुरातच हवी. फोटो किंवा पोस्टर असेल तर त्या चित्रावर हवी.

एकानं लिहिलंय, "मग डिलीट करायचा ना!" अहो, केला. आपला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला तरी पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. दुरुस्ती करायलाही पंधराच मिनिटं मिळतात, आणि तीही आपल्याच प्रतीची. 2025 च्या पावसात तोच मेसेज परत आला. मावशींचा फोन रात्री अकराला वाजला, "पाकिटं कुठे आणू?"

रक्ताच्या मेसेजचं तर विचारूच नका. रुग्ण घरी जाऊन महिना होतो, आणि नातेवाइकांना फोन येतच असतात. दोनदा फुकट फोन केलेला माणूस तिसऱ्यांदा खरी गरज असली तरी करत नाही. आपण त्याला गमावतो.

तर असं लिहा: "27 ऑगस्ट, सकाळी 10. चादरी हव्यात. आज रात्री 8 पर्यंतच." खाली गुगल शीटची, म्हणजे गरजांच्या ऑनलाइन तक्त्याची लिंक. बाकीच्यांना फक्त बघता येईल अशी ठेवा, बदल एकाच माणसानं करायचे. गरज भागली की तिथे "पूर्ण" लिहा. मेसेज कुठेही पोचला तरी लिंक उघडणाऱ्याला आजची स्थिती कळते.

आणि हो, बडोद्यात असाल तर मेसेज आधी गुजरातीत, मग मराठीत. "मराठीतच का नाही?" म्हणणाऱ्यांना सांगते, चादर देणारा शेजारी बहुतेक वेळा गुजराती असतो.

ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी, वापरणाऱ्यांनो, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांना तो मेसेज जातच नाही. आधी त्यांना तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा.

तुमच्या संस्थेचा शेवटचा मेसेज कमेंटमध्ये टाका, फोन नंबर काढून. काय राहिलंय ते मी एकेकाला सांगते.