‘हिडन’ केलेला फोल्डर दोन क्लिकमध्ये दिसतो! मग खासगी फाइल ठेवायच्या कशा?

नमस्कार मंडळी! लॅपटॉप दुरुस्तीला टाकला की दुकानदार पहिलं काय विचारतो? "पिन सांगून जा, चालू करून बघावा लागेल." आपण निमूटपणे सांगतो. आणि डेस्कटॉपवर घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, बँकेची स्टेटमेंट्स, खरेदीखताचं स्कॅन, फोटो, सगळं तसंच पडलेलं असतं. ज्यांनी थोडी काळजी घेतलेली असते, त्यांनी फोल्डर ‘हिडन’ केलेला असतो. तर आज त्यापासूनच सुरुवात करू.

[स्क्रीन: फाइल एक्सप्लोरर]

फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, हिडनवर टिक. गेला! आता हे बघा, विंडोज ११ मध्ये वर व्ह्यू, मग शो, मग हिडन आयटम्स. आला परत. पासवर्ड नाही, काही नाही. हिडन म्हणजे फाइलला चिकटवलेली एक खूण असते, "यादीत दाखवू नको" एवढंच ती सांगते. आतला मजकूर जसाच्या तसा राहतो. सात वर्षांच्या पोराने चुकून गेमच्या ऐवजी तुमचा फोल्डर उडवू नये, एवढ्यासाठी ठीक आहे.

आता माझा आवडता प्रकार. "कोणतंही सॉफ्टवेअर न वापरता फोल्डर लॉक करा." नोटपॅडमध्ये एक कोड चिकटवायचा, बॅच फाइल (म्हणजे कमांडची यादी, जी डबल क्लिकने चालते) म्हणून सेव्ह करायचा, डबल क्लिक केलं की काळी खिडकी उघडते आणि पासवर्ड मागते. दिसायला एकदम हॅकरछाप. आत काय होतं? ती फाइल तुमच्या फोल्डरचं नाव बदलून कंट्रोल पॅनल करते, पुढे एक लांबलचक कोड जोडते आणि त्याच्यावर हिडन आणि सिस्टिम अशा दोन खुणा लावते. संपलं. आणि तो पासवर्ड कुठे असतो?

[स्क्रीन: बॅच फाइलवर राइट क्लिक, एडिट]

हा बघा! साध्या अक्षरांत, त्याच फाइलमध्ये. पासवर्ड वाचायचीही गरज नाही म्हणा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डिर’, स्पेस, ‘स्लॅश ए’ एवढं टाइप केलं की लपवलेला फोल्डर यादीत हजर. हा उपाय मी कुणालाच सांगणार नाही, कारण तो करून माणूस निर्धास्त होतो.

बरं, विंडोजचा लॉगिन पासवर्ड तरी? डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमचा, पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करा. लॉगिन कुणी विचारतच नाही, सगळ्या फाइल समोर. म्हणून एन्क्रिप्शन लागतं, म्हणजे आतला मजकूरच किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून टाकायचा. विंडोज प्रोमध्ये त्यासाठी बिटलॉकर असतं, ते अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करतं. होम आवृत्तीत, लॅपटॉप त्या लायकीचा असेल तर, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन मिळतं. नव्या लॅपटॉपवर बरेचदा ते आधीच चालू असतं, बघून घ्या. डिस्क अडकली तर उघडायला त्याची ४८ आकडी रिकव्हरी की असते, ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे ना, हेही आजच तपासा.

पण थांबा. बिटलॉकर उपयोगी पडतं ते लॅपटॉप रेल्वेत चोरीला गेला तर. दुकानदाराला पिन तुम्हीच दिलात, की डिस्क त्याच्यासाठी उघडीच झाली! घरात सगळे एकाच लॉगिनने बसत असतील, तरी तेच. अशा वेळी त्या ठरावीक फाइलना वेगळी किल्ली हवी.

सोपा मार्ग म्हणजे सेव्हन-झिप, फाइलींचं एकच गाठोडं बांधणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे. फोल्डरवर राइट क्लिक, ॲड टू आर्काइव्ह, फॉरमॅट सेव्हन-झेड, पासवर्ड, आणि खाली ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’ असं लिहिलंय त्यावर टिक. ती विसरू नका, नाहीतर फाइल उघडणार नाहीत, पण ‘घटस्फोट नोटीस मसुदा’ हे नाव वाचता येईल. नावातच सगळं आलं की हो!

अडचण अशी, की मूळ फोल्डर बाहेर तसाच राहतो. तो उडवून रिसायकल बिन रिकामं केलं, तरी जुन्या हार्ड डिस्कवरून रिकव्हरी सॉफ्टवेअर तो बरेचदा परत काढतं. म्हणून रोज लागणाऱ्या फाइलसाठी मी व्हेराक्रिप्ट सुचवेन. २०१४ मध्ये बंद पडलेल्या ट्रूक्रिप्टवरून बनलेलं, हेही फुकट. ते एक मोठी फाइल बनवतं, समजा ५ जीबीची. पासवर्ड दिला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते. त्यात काम करा, डिसमाउंट करा, म्हणजे ती बंद करा, ड्राइव्ह गायब. स्कॅन केलेला कागद थेट तिथेच सेव्ह करा, म्हणजे बाहेर प्रत राहायलाच नको.

आणि पासवर्ड! ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून खूश होऊ नका. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, हे ज्याला माहीत नाही असा एक तरी माणूस तुमच्या सोसायटीत आहे का?

फाइल झाकली तरी तिच्या खुणा मागे राहतात. एक्सप्लोररमध्ये ‘रीसेंट’च्या यादीत नाव, वर्डच्या यादीत नाव, व्हिडिओ प्लेअरच्या यादीत नाव. एक्सप्लोररच्या यादीसाठी फोल्डर ऑप्शन्समध्ये प्रायव्हसीखाली ‘क्लिअर’ आहे, ते दाबा. वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा, बॅकअप चालू असेल, तर डेस्कटॉपवरची फाइल क्लाउडवर आधीच चढलेली असते. इथून उडवली तर तिकडच्या रिसायकल बिनमध्ये ती ३० दिवस राहू शकते. तिथेही जाऊन काढा.

शेवटचं. व्हेराक्रिप्टचा पासवर्ड विसरलात, तर ‘फरगॉट पासवर्ड’ असं बटणच नाही. ओटीपी नाही, कस्टमर केअर नाही. पासवर्ड कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवा आणि आत विम्याचे कागद असतील, तर तो कागद कुठे आहे हे घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. त्या ५ जीबीच्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवरही घ्या, कारण डिस्क बिघडली तर सगळं एकदमच जातं. प्रत घेण्याआधी डिसमाउंट करायला मात्र विसरू नका.