शेंगाचटणी: कुटायची, वाटायची नाही

श्रोतेहो, नमस्कार. सोलापुरी शेंगाचटणी घरी केली की तक्रार एकच असते, विकतच्यासारखं तेल सुटत नाही. मग वरून दोन चमचे तेल ओतलं जातं. तसं करू नका. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं. ते बाहेर काढायचं, एवढंच आपलं काम.

पाव किलो दाणे घ्या आणि आधी ताटात पसरून निवडा. सुरकुतलेले, काळपट, बुरशी धरलेले सरळ टाकून द्या. बुरशीचं विष भाजून पुरतं जात नाही.

जाड बुडाची कढई, मंद आच, आणि बारा-पंधरा मिनिटं हात थांबवायचा नाही. आच मोठी केली की साल करपतं, दाणा आतून कच्चा राहतो. अशा दाण्याची चटणी पांढरट, पिठूळ होते. एक दाणा चिमटीत फोडून बघा. आतून बिस्किटाच्या रंगावर आला की लगेच ताटात काढा, कारण तापलेल्या कढईत तो गॅस बंद केल्यावरही भाजत राहतो. हाताला सोसवेल इतपत निवाले की चोळून सुपात पाखडा. थोडी सालं राहिली तर राहू द्या.

त्याच गरम कढईत लसणाच्या पंधरा-वीस बारीक पाकळ्या आणि चमचाभर जिरं मिनिटभर परता. लसणाचा वरचा ओलसरपणा गेला पाहिजे, रंग बदलायला नको. आता उखळात आधी लसूण, जिरं आणि सव्वा चमचा मीठ. मिठाच्या खड्यांनी लसूण चटकन ठेचला जातो, घसरत नाही. मग दाणे मूठमूठ घाला, कोमट असतानाच. गार दाणा तेल सोडायला फार रडवतो. कुटता कुटता कूट कडेला चिकटू लागेल, मुठीत दाबलं तर बोटांच्या खुणा उमटतील आणि तळव्याला तेल लागेल. तिखट घालायचं ते इथे: तीन चमचे, निम्मं ब्याडगीचं. मिरचीचा रंग तेलात उतरतो. कोरड्या कुटात तिखट घातलंत तर ते नुसतं भुरभुरत राहील. तिखट पडल्यावर आणखी पाच मिनिटं कुटा, चटणी लालभडक होत जाते.

उखळ नाही? मिक्सर चालेल, पण बटण दोन-तीन सेकंद दाबायचं, सोडायचं, चमच्याने खालवर करायचं. सलग फिरवलात की लगदा झालाच. झाला तर फेकू नका. मूठभर दाण्यांचं जाडसर कूट त्यात कालवा, बरंच सावरतं. तरी उखळाची सर येत नाही, हे खरं. पातं दाणा कापतं, मुसळ तो चिरडतं.

सोबत कडक भाकरी हवी असेल तर ज्वारीची भाकरी पातळ थापा, नेहमीसारखी भाजा आणि मग अगदी मंद आचेवर पापडासारखी वाजेपर्यंत वाळवा.

चटणी पूर्ण गार झाल्यावरच काचेच्या कोरड्या बरणीत भरा. गरम भरली तर झाकणाला घाम धरतो आणि तिथूनच ती खराब व्हायला लागते. दही वाटीत वेगळं कालवा. दह्याचा चमचा बरणीत गेला, की ती चटणी दोन दिवसांत वास मारते.