माल्टात किलोमीटर मोजू नका

नमस्कार मंडळी! ज्यांचा यंदा माल्टाला जायचा बेत चाललाय त्यांच्यासाठी आज बोलतोय. किल्ले, चर्च, निळंशार पाणी याची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल, मी बोलणारे बसबद्दल, कारण तिथे टुरिस्टचा निम्मा दिवस बसमध्ये नाहीतर बसची वाट बघण्यातच जातो आणि हे आधी कोणी सांगत नाही.

माल्टा, गोझो आणि कोमिनो अशी तिन्ही बेटं धरून सगळा देश 316 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मा. मॅप बघून आपण ठरवतो की सकाळी मोस्ता, दुपारी गोझो, संध्याकाळी इमदिना, झालं! पण रस्ते अरुंद, गाड्या भरमसाट आणि बस प्रत्येक गावातून वळसे घेत जाते. राजधानी व्हॅलेटाहून चिर्केव्वाच्या धक्क्याला, जिथून गोझोची बोट सुटते, 41 नाहीतर 42 नंबरच्या बसने तासाच्या वर सहज लागतो.

मोस्ताच्या स्टॉपवर आम्ही उभे होतो, उन्हात, हात केला (हात केल्याशिवाय बस थांबतच नाही तिकडे), तर ड्रायव्हरने मान हलवली आणि गेला की पुढे, बस फुल! दुसरीही तशीच. शेजारी फूड डिलिव्हरीचा बॉक्स घेतलेला एक केरळचा पोरगा होता, आपल्याकडची अशी बरीच मुलं तिकडे दिसतात, तो हिंदीत म्हणाला, भैया, सुरुवातीच्या स्टॉपवरूनच चढा, मधे काही खरं नाही. व्हॅलेटाचा डेपो शहराच्या दाराशीच आहे, ट्रायटनच्या कारंज्याजवळ, तिथून बसायला जागा तरी मिळते. तिथल्या रहिवाशांना ऑक्टोबर 2022 पासून कार्डावर बस फुकट आहे, मग गर्दी असणारच ना. आपण मात्र तिकीट काढायचं, ते दोन तास चालतं.

तसा थांबल्याचा फायदाही झाला. मोस्ताच्या चर्चमध्ये जाऊन आलो. 9 एप्रिल 1942 ला जर्मन बॉम्ब घुमट फोडून आत पडला, आत प्रार्थनेला माणसं भरलेली, आणि तो फुटलाच नाही! तसाच एक बॉम्ब आत ठेवलाय, लोक त्याच्यासोबत सेल्फी काढतात, मला ते जरा विचित्रच वाटलं.

खाण्याचं म्हणाल तर पास्तित्सी. बाहेरून आपल्या खारीसारखे पापुद्रे, आत रिकोटा चीज नाहीतर वाटाण्याचं सारण, गरम गरम आणि स्वस्त. इमदिनाच्या बाहेर रबातला ‘क्रिस्टल पॅलेस’ म्हणून एक छोटंसं दुकान आहे, तिथे टॅक्सीवाले, म्हातारे, टुरिस्ट सगळे एकत्र उभे. शाकाहारी मंडळींनी एवढं करा, पिठात चरबी घातलीय का विचारा, पूर्वीपासून घालायची पद्धत आहे. किनी नावाचं कडवट संत्र्याचं कोल्ड्रिंक मिळतं, 1952 पासून, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, मग आवडायला लागतं. निदान मला लागलं, बायकोला नाही.

नळाचं पाणी पिता येतं पण ते बरंचसं समुद्राचं गोडं केलेलं, चव खारट, त्यामुळे बाटल्या विकत घेणं आलंच. प्रत्येक बाटलीमागे 10 सेंट डिपॉझिट असतं, मशीनमध्ये रिकामी बाटली टाकली की परत मिळतं, फक्त मशीनपुढे गोण्या भरून बाटल्या आणलेल्या लोकांची रांग असते, तेवढा धीर हवा. चार्जरला आपली गोल पिन चालत नाही, ब्रिटिश चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर न्या. देश 1964 ला स्वतंत्र झाला पण इंग्रज प्लग आणि डावीकडून गाडी चालवणं मागे ठेवून गेले.

गोझोला चिर्केव्वाहून बोटीने साधारण 25 मिनिटं. जाताना कोणी तिकीट मागत नाही, आम्ही उगाच खिडकी शोधत फिरलो, पैसे परत येताना इमजारच्या धक्क्यावर घेतात. गोझोची ती समुद्रातली प्रसिद्ध दगडी कमान, अझूर विंडो, बघायला म्हणून जाऊ नका, ती 8 मार्च 2017 च्या वादळात समुद्रात पडली, दुकानांत पोस्टकार्डं मात्र अजून तिचीच विकतात. इगान्तियाची देवळं बघा, पिरॅमिडांपेक्षा जुनी.

आणि हायपोजियम, ते जमिनीखालचं दफनस्थान बघायचं असेल तर विमानाच्या तिकिटाबरोबरच त्याचंही बुकिंग करा, एका वेळी फक्त 10 जणांना आत सोडतात, तिथे ऐनवेळी जाऊन वशिला चालत नाही.