खुर्चीतून उठण्याचा हक्क

[दृश्य: राखाडी रंगाचं जुनं यंत्र. दर्शनी पट्टीवर एका ओळीत बटणं.]

या यंत्रावर ३० बटणं आहेत. डावीकडचं पहिलं १५ व्होल्टचं, उजवीकडचं शेवटचं ४५० व्होल्टचं. खाली चिठ्ठ्या लावल्यात. सौम्य झटका, मध्यम झटका, पुढे 'धोका : तीव्र झटका', आणि शेवटच्या बटणांखाली नुसत्या फुल्या.

हे यंत्र खोटं होतं. त्यातून पलीकडच्या माणसाला कधीच वीज गेली नाही. पण समोर बसलेल्याला ते माहीत नव्हतं.

१९६१ साल. अमेरिकेतलं येल विद्यापीठ. स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसं हवीत, अशी जाहिरात वर्तमानपत्रात आली. मोबदला चार डॉलर, शिवाय येण्याजाण्याचे ५० सेंट. पहिल्या प्रयोगासाठी ४० पुरुष निवडले गेले. टपाल कारकून, शिक्षक, विक्रेते, अभियंते, मजूर. संशोधक होते स्टॅन्ली मिलग्रॅम. त्यांना स्मरणशक्ती तपासायचीच नव्हती. अधिकारी माणसाने सांगितलं म्हणून माणूस दुसऱ्याला किती इजा करेल, हे त्यांना पाहायचं होतं.

आलेल्या माणसाने 'शिक्षक' होऊन प्रश्न विचारायचे. पलीकडच्या खोलीत 'विद्यार्थी' बसवलेला, तो संशोधकांचाच माणूस, त्रासाचं नुसतं सोंग करणारा. उत्तर चुकलं की झटका, आणि दर चुकीला पुढचं बटण. ३०० व्होल्टला तो भिंतीवर धडका मारतो. ३१५ नंतर काहीच आवाज येत नाही. ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले.

हा आकडा बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेला असतो. त्या २६ जणांचं आणि उरलेल्या १४ जणांचं त्या तासाभरात काय झालं, हे मात्र कमी सांगितलं जातं. मिलग्रॅम यांनी स्वतःच ते नोंदवलंय. माणसं घामाघूम झाली, थरथरली, अडखळत बोलू लागली, स्वतःचे ओठ चावू लागली. काहींना हसू आवरेना. ते मजेचं हसू नव्हतं. तिघांना तर आवरता न येणारे आकडीचे झटके आले, आणि ते खरे होते.

मग ही माणसं उठून का गेली नाहीत? पैसे तर त्यांना आधीच दिले होते. इथे आलात म्हणून हे तुमचे, पुढे काहीही झालं तरी, असं स्पष्ट सांगितलं होतं. दाराला कुलूप नव्हतं. पण कुणी थांबू लागलं की प्रयोगशाळेचा कोट घातलेला माणूस ठरलेली चार वाक्यं क्रमाने म्हणायचा. पहिलं साधं : कृपया पुढे चालू ठेवा. आणि चौथं : तुमच्यापुढे दुसरा पर्याय नाही, तुम्हाला पुढे जावंच लागेल.

हे चौथं वाक्य धडधडीत खोटं होतं. पर्याय होता. माझ्या मते यंत्राच्या खोटेपणापेक्षा या वाक्यातला खोटेपणा जास्त गंभीर आहे. यंत्राने माणसाची फसवणूक केली. या वाक्याने त्याचा निघून जाण्याचा हक्कच नाकारला.

१९६४ साली मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी यावर जाहीर टीका केली. प्रयोगशाळेत आलेला माणूस मुळातच संशोधकावर भिस्त ठेवून आलेला असतो, त्या विश्वासाचा असा वापर करायचा का, हा त्यांचा सवाल होता. मिलग्रॅम यांनी उत्तर दिलं. नंतर पाठवलेल्या प्रश्नावलीला ज्यांनी उत्तरं दिली, त्यातल्या ८४ टक्के लोकांना सहभागी झाल्याचा आनंदच होता. हे खरं असेलही. पण नंतर मिळालेलं समाधान म्हणजे आधी घेतलेली परवानगी नव्हे. शिवाय झटके खोटे होते, हे सगळ्यांना त्याच दिवशी कळलेलं नव्हतं. काहींना ते कित्येक महिन्यांनी टपालाने आलेल्या अहवालातून समजलं. तोवर आपण एका माणसाला काय केलं, हा विचार त्यांनी कसा पेलला असेल?

[दृश्य: अनाथालयाची जुनी इमारत. रिकामा व्हरांडा.]

आणि ज्यांना उठून जाताच येत नाही, त्यांचं काय?

१९३९. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं डॅव्हनपोर्ट. तिथल्या अनाथालयातली २२ मुलं आयोवा विद्यापीठातले वाचाविकार-तज्ज्ञ वेंडेल जॉन्सन यांच्या अभ्यासासाठी निवडली गेली. प्रत्यक्ष काम त्यांची विद्यार्थिनी मेरी ट्यूडर करत होती. तोतरेपणा जन्मजात नसतो, मोठ्यांच्या सततच्या टोकण्यातून तो येतो, असं जॉन्सन यांना वाटत होतं. ते पडताळायचं होतं. म्हणून नीट बोलणाऱ्या सहा मुलांना सांगण्यात आलं की तुमच्या बोलण्यात तोतरेपणाची लक्षणं दिसताहेत, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका.

ती मुलं तोतरी झाली नाहीत. ती गप्प झाली. वर्गात उत्तर द्यायला कचरू लागली, शब्द तोंडातून काढण्याआधी अडू लागली. ट्यूडर नंतर पुन्हा तिथे गेल्या, झालेलं पुसायचा प्रयत्न केला, पण ते साधलं नाही. अभ्यास कधी प्रसिद्ध झाला नाही. २००१ मध्ये एका वृत्तपत्राने तो उजेडात आणला, आयोवा विद्यापीठाने माफी मागितली, आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने भरपाईपोटी ९ लाख २५ हजार डॉलर द्यायचं मान्य केलं. तोवर ती मुलं म्हातारी झाली होती.

अनाथ मुलंच का? कारण 'नको' म्हणायला त्यांच्या बाजूने कुणी नव्हतं. तान्हं मूल तर 'नको' म्हणूच शकत नाही. त्याआधी १९२० मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन आणि त्यांच्या सहकारी रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची भीती बसवली. उंदीर दाखवायचा आणि मागे लोखंडी दांड्यावर हातोडा हाणायचा. ती भीती काढून टाकण्याचं काम झालंच नाही.

माणसांवरच्या संशोधनाचे नियम आले ते अशाच घटनांनंतर. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता, १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा, १९७९ चा बेलमाँट अहवाल. बेलमाँटने तीन गोष्टी मांडल्या : व्यक्तीचा आदर, तिचं हित आणि न्याय. न्याय म्हणजे संशोधनाचा भार नेहमी दुबळ्यांच्याच खांद्यावर नको. आज बहुतेक ठिकाणी नैतिकता समितीच्या मंजुरीवाचून असा प्रयोग सुरू होत नाही.

तरीही पळवाटा निघतात. २०१४ मध्ये एक शोधनिबंध आला. २०१२ च्या जानेवारीत आठवडाभर फेसबुकने ६,८९,००३ वापरकर्त्यांना दिसणाऱ्या मजकुरात आनंदी किंवा दुःखी शब्दांचं प्रमाण बदलून पाहिलं होतं. वापराच्या अटी मान्य केल्यात, म्हणजे संमती आलीच, असा बचाव झाला. आपण प्रयोगात आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, तो बाहेर कसा पडणार?

[दृश्य: आजची प्रयोगशाळा. टेबल, दोन खुर्च्या, संमतीपत्र.]

मानसशास्त्रज्ञ जेरी बर्गर यांनी मिलग्रॅमचा प्रयोग पुन्हा केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी १५० व्होल्टलाच थांबायचं ठरवलं. ज्यांना ताण झेपणार नाही असं वाटलं, त्यांना आधीच वगळलं. खोलीतला संशोधक स्वतः चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होता, कुणाचा त्रास वाढताना दिसला तर तिथेच थांबवायची त्याला सूचना होती. प्रयोग संपताच काही क्षणांत सांगितलं जाई की कुणालाही झटका बसलेला नाही. आणि कधीही निघून जा, पैसे तुमचेच, हे प्रत्येकाला किमान तीनदा सांगितलं होतं.

तरी मूळ प्रयोगासारख्याच मांडणीत ७० टक्के लोक १५० च्या पुढे जायला तयार होते.

म्हणून संमतीपत्रावर 'आपण केव्हाही माघार घेऊ शकता' एवढं छापून संशोधकाची जबाबदारी संपत नाही. अनेक विद्यापीठांत मानसशास्त्राचे विद्यार्थीच प्रयोगांत सहभागी होतात, आणि त्याचे गुण मिळतात. नियम सांगतो की सहभागी व्हायचं नसेल, तर त्यांना तोलामोलाचा दुसरा पर्याय द्यायला हवा. पर्याय म्हणून दिलेलं काम दुप्पट वेळ खाणारं असेल, आणि समोरचा संशोधकच उद्या पेपर तपासणार असेल, तर त्या विद्यार्थ्याची सही ही संमती मानायची का, हे समितीने प्रत्येक वेळी विचारायला हवं, आणि त्याचं उत्तर विद्यार्थ्यांकडूनही घ्यायला हवं.